रस्सीखेच, वर्ष सतरावं

गोदातीर विद्यापीठाच्या मैदानावर कला आणि वाणिज्य या शाखांमध्ये सुरू झालेल्या रस्सीखेचीला या सप्टेंबरात सतरावं वर्ष लागलं, आणि दोरावरची लाल फीत मधल्या रेषेपासून वाणिज्यच्या बाजूला साडेतीन बोटं होती.

सामना स्नेहसंमेलनातला होता. पंचांनी शिट्टी वाजवली, दोन्हीकडच्या आठ-आठ गड्यांनी दोर ताणला, आणि निकाल लागण्याआधी पंचांची बदली झाली. सामना संपल्याची शिट्टी पंचानेच वाजवायची असते. पंचाचं पद तेव्हापासून रिक्त आहे. ते भरण्याचा प्रस्ताव दोनदा वर गेला आणि दोनदा, तांत्रिक त्रुटी असा शेरा घेऊन, खाली आला. तिसऱ्या वर्षी एका समितीने दोराची पाहणी केली, उत्तम उपमा खाल्ला, आणि ही रस्सीखेच म्हणजे नेतृत्व व संघभावना यांचं चालतंबोलतं शिक्षण आहे असा अहवाल दिला. तिला चार श्रेयांक मिळाले. विद्यार्थी प्रवेश घेत, तीन वर्षं दोर ओढत, नव्या तुकडीच्या हाती दोर देत आणि पदवी घेऊन जात. आठांतले सहा दोरावर आणि दोघे सुटे, असा नियम होता. जेवण, अंघोळ, झोप, परीक्षा हे सगळं सुटं असताना उरकायचं.

सहाव्या वर्षी मैदानाच्या मधोमध नेतृत्वविकास केंद्राची इमारत बांधली गेली. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत. दोर हलवणं शक्य नसल्याने भिंतींत दोन भोकं ठेवली. लाल फीत आता आवक-जावक कक्षात, कारकून चिंचोलकर भाऊसाहेबांच्या टेबलावर असे. तिच्याखाली त्यांनी पट्टी चिकटवली होती आणि रोज सकाळी दहाला ते दोन्ही खिडक्यांतून आळीपाळीने मोजमाप ओरडून सांगत. समोरचा संघ त्यानंतर कुणी पाहिला नव्हता.

कलाच्या संघाची कप्तान प्रणोती खंदारे हिला बुधवारी दुपारी टपालाने नेमणुकीचं पत्र आलं. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. सोमवारी सकाळी दहापर्यंत कार्यमुक्तीच्या दाखल्यासह हजर व्हावं, अन्यथा निवड रद्द. पत्र तिने एका हाताने उघडलं, दातांनी धरून वाचलं, आणि मागच्या माणसाकडे दिलं. शेवटचा गडी इरफान तांबोळी, ज्याच्या कमरेला दोराचा वेढा असे, त्याच्यापर्यंत ते पाचव्या हाताने पोचलं.

"निघाली म्हण की तू," इरफान म्हणाला.

"बदली कुठंय?"

"ते बी खरंय."

संध्याकाळी सुटी पाळी मिळताच ती केंद्राचे संचालक डॉ. लोहगावकर यांच्याकडे गेली. तिचे तळहात उंबराच्या सालीसारखे झाले होते. ते पाठीमागे धरून ती उभी राहिली.

"अभिनंदन," लोहगावकर म्हणाले. "तुझ्या जागी कोण येणार?"

"कुणीच नाही, सर. यंदा एकाही मुलाने दोर घेतलेला नाही."

"मग तुझं नेतृत्व कुठे आहे? खरा नेता आपल्यामागे नेते घडवतो."

"यंदा तुम्ही प्रवेशाची सूचनाच लावली नाही, सर. मी स्वतः वर्गावर्गात फिरले. मुलं म्हणाली, मोबाईलवर तोच विषय दोन तासांत होतो."

"होतो. अकराशे विद्यार्थ्यांनी केला. अकराशे नेते तयार झाले."

"त्यातले आठ द्या मला."

लोहगावकरांनी चष्मा काढून तिच्याकडे दयेने पाहिलं. "ते नेते आहेत, प्रणोती. ओढणार कोण?"

मग त्यांनी नियमावली उघडून नियम नऊ वाचून दाखवला. दोर सोडल्यावर जर तो सैल पडला नाही, तर सोडणाऱ्यास नेतृत्वगुणांचं प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती मिळेल. सैल पडला, तर मिळणार नाही. आणि हरला, तर नियम चौदा.

नियम चौदा तिला पाठ होता. हरणाऱ्या शाखेच्या सर्व तुकड्यांचे श्रेयांक पहिल्या वर्षापासून रद्द होतील. श्रेयांक गेले की पदवी गेली. कलाच्या आजवरच्या गड्यांमध्ये शिक्षक होते, दोन ग्रामसेवक होते, एक फौजदार होती. दुसऱ्या तुकडीचे कप्तान बिडकर आता मुख्याध्यापक झाले होते आणि दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी फोन करून विचारत, "दोर घट्ट आहे ना, बाळ?"

गुरुवारी सकाळी मोजमाप सांगून झाल्यावर चिंचोलकर भाऊसाहेब खिडकीतच थांबले.

"वाणिज्यवाल्यांनी चिठ्ठी दिलीय," ते म्हणाले. "मी वाचलेली नाही. फक्त शुद्धलेखन तपासलं."

चिठ्ठ्या नव्या नव्हत्या. वाणिज्यचा कप्तान सुमेध वाघचौरे रोज एक पाठवत असे. बहुतेक वेळा त्यात 'आमच्याकडे आज जिलेबी होती, तुमच्याकडे?' असलं काहीतरी असायचं, आणि प्रणोती तितकंच तिखट उत्तर धाडायची. आजच्या चिठ्ठीत जिलेबी नव्हती.

'खंदारे, तुझ्या पत्राचं कळलं. भाऊसाहेबांनी मोठ्याने हळहळ केली. आमच्याकडेही यंदा कुणी आलेलं नाही. मी चौथ्या वर्षात आहे. नियम बत्तीस आहेत. एकतीस ओढणाऱ्यांबद्दल, एक मंडपाबद्दल. जमिनीवर पडलेल्या दोराबद्दल एकही नाही. दोन्ही बाजूंनी एकदम सोडला तर कुणी जिंकणार नाही, कुणी हरणार नाही, आणि सामना उरणार नाही. मग दाखला कशावर अडवतील? शनिवारी अकराच्या घंटेला. बोल.'

तिने ती चिठ्ठी दोरावरच्या पाच जणांना वाचून दाखवली. सुटे दोघे ताटं टाकून धावत आले.

"ते सोडत नसतात," इरफान म्हणाला. "सतरा वर्षं झाली ओढायलेत. आपण सोडलं की खेचतील, आणि बसा बोंबलत."

"आपण तरी सोडू का, असं ते पण म्हणत असतील."

"म्हणत असतील तर शहाणे आहेत."

"ताई, तुम्ही ओळखता का त्याला?" दुसऱ्या वर्षाची हर्षिता मुळे मधूनच म्हणाली.

प्रणोतीने विचार केला. "त्याचा हात ओळखते," ती म्हणाली. "पहाटे चारला तो पाळी बदलतो. तेव्हा दोर एक हिसका खातो, आणि लगेच तो सांभाळून घेतो. दीड वर्षात त्या हिसक्याचा फायदा मला एकदाही घेता आला नाही. आणि माझा गडी बदलताना त्याने एकदाही घेतला नाही. त्याला घेता आला असता."

"कधी?" इरफानने विचारलं.

"तू तापाने पडलेलास तेव्हा. पाच जणांवर होतो आपण दोन दिवस. फीत हललीसुद्धा नाही."

इरफानने कमरेचा वेढा चाचपला. मग म्हणाला, "फौजदारीणबाईंची नोकरी गेली तर सगळ्यात आधी मला आत टाकतील. तांबोळ्याचा पोरगा शेवटचा गडी होता, त्यानंच सोडला म्हणतील."

"मी लिहून देते. माझ्या हुकमावरून सोडला असं."

"लिही," तो म्हणाला, आणि तिने तिथल्या तिथे लिहून दिलं. सातही जणांना वेगवेगळं. चिंचोलकर भाऊसाहेबांनी आवक क्रमांक टाकले.

सुमेधला तिने एका ओळीचं उत्तर पाठवलं. 'शनिवारी अकरा. खोटं बोललास तर सतरा वर्षांच्या पदव्या तुझ्या डोक्यावर.'

त्याचंही एका ओळीत आलं. 'तुझ्याही.'

शनिवारी पावणेअकराला आठही जण दोरावर आले. कोणी सुटं नव्हतं. असं पहिल्या दिवसानंतर कधी झालं नव्हतं, आणि चुकून जोर जास्त लागू नये म्हणून प्रणोतीने प्रत्येकाला थोडं थोडं कमी ओढायला सांगितलं. भाऊसाहेबांनी आतून मोजमाप सांगितलं. साडेतीन बोटं. म्हणजे पलीकडेही आठ होते आणि त्यांनीही जोर कमी केला होता. तिला जरा बरं वाटलं.

अकराला दहा मिनिटं असताना तिच्या खिशातला फोन वाजला. हर्षिताने तो काढून तिच्या कानाला लावला.

"दोर घट्ट आहे ना, बाळ?" बिडकर सर.

"घट्ट आहे, सर."

"हात ठीक?"

"ठीक आहेत."

"तुझ्यावर सगळं आहे बरं. परवा माझ्या सोयरिकीत मुलीकडच्यांनी पदवीचं विचारलं. मी छातीठोक सांगितलं."

हर्षिताने फोन परत तिच्या खिशात ठेवला. पुढे भिंतीच्या भोकातून दोर आत गेलेला दिसत होता, काळपट, तेलकट, तिच्या मनगटाएवढा जाड. त्याच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या माणसाचं तोंड तिला माहीत नव्हतं. वाणिज्यने खेचला तर दोर याच भोकातून निघून जाणार होता, सापासारखा सळसळत, आणि त्याच्याबरोबर तिची नोकरी, सरांची सोयरीक आणि बाकी सगळंच.

इरफानने कमरेचा वेढा सोडला आणि दोर हातांत धरला.

"तू म्हणालीस म्हणून," तो म्हणाला.

शिपायाने घंटेचा पहिला टोल दिला. प्रणोती ओरडली, "सोड!" आणि तिने दोन्ही हात उघडले.

दोर तसाच राहिला.

तो जमिनीवर पडला नाही आणि भोकात गेला नाही. कमरेएवढ्या उंचीवर, आठ जणांच्या मधून, तो ताठ उभा होता. त्याचं मागचं टोक, जे इतकी वर्षं शेवटच्या गड्यांच्या कमरेला होतं, तेही हवेत सरळ होतं.

"कुणी सोडला नाही?" प्रणोती मागे वळून म्हणाली. "हात दाखवा."

सोळा तळहात वर आले. सगळे रिकामे होते. इरफानने आपले दोनदा दाखवले.

ती आवक-जावक कक्षाच्या खिडकीशी धावली. आत भाऊसाहेब पट्टीवर वाकलेले होते. पलीकडच्या खिडकीत एक लांबट चेहऱ्याचा, दाढी वाढलेला मुलगा गजांना धरून उभा होता.

"वाघचौरे?" ती म्हणाली.

"खंदारे?"

"तू सोडला नाहीस!"

"मी सोडला. तुम्हीच धरलाय अजून."

"हात दाखव."

त्याने गजांमधून हात आत घातले. तेही उंबराच्या सालीसारखे होते. त्याच्या मागून आणखी चौदा आले. तिने मोजले, मग आपल्या बाजूचे त्याला मोजायला लावले. भाऊसाहेबांनी दोन्ही आकडे टिपून घेतले आणि बेरीज बरोबर असल्याचं सांगितलं.

"मला वाटलं तू उंच असशील," सुमेध म्हणाला.

"मला वाटलं तू जाड असशील. एवढ्या जिलेब्या खाऊन."

"जिलेबी एकदाच होती. बाकी सगळं खोटं."

आवाज ऐकून डॉ. लोहगावकर खाली आले. त्यांनी दोराला टिचकी मारली. दोर वाजला. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून फितीची जागा स्वतः तपासली, एका खिडकीतून बाहेर पाहिलं, दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

"ताण उत्तम आहे," ते म्हणाले.

"पण सर, कुणीही धरलेलं नाही," प्रणोती म्हणाली.

"ते मला दिसतंय. नियमात दोर सैल पडू नये असं आहे. कुणी धरावा असं कुठे आहे? चिंचोलकर, नियम नऊ. सोळा प्रमाणपत्रं काढा. यांनी असे नेते घडवले आहेत की..." ते थांबले, आणि कोणते हे न सांगता वर निघून गेले. जिन्यावरून त्यांचा आवाज आला. सामना चालू आहे, आणि येत्या मूल्यांकनात तो ठळकपणे दाखवायचा आहे.

भाऊसाहेबांनी कार्यमुक्तीचे सोळा अर्ज काढले. पहिला प्रणोतीचा, कारण तिची गाडी बारा चाळीसची होती. तिने नाव लिहिलं, तुकडी लिहिली, दोर धरल्याची आणि सोडल्याची तारीख लिहिली. सहाव्या रकान्यात विचारलं होतं, दोर कुणाच्या स्वाधीन केला.

"हे कोरं ठेवू का, भाऊसाहेब?"

"कोरा रकाना वरून परत येतो. सोमवारी मग तू इथंच."

तिने पेन पुन्हा धरलं. बोटं अजून पूर्ण मिटत नव्हती, पूर्ण उघडतही नव्हती. मग तिने लिहिलं, 'दोराच्या.'

भाऊसाहेबांनी वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. "ठीक आहे. आता इथे स्वीकारणाऱ्याची सही."

"त्याला सही येते का?" खिडकीतून इरफानने विचारलं.

"तुमच्या अगोदर दोन पिढ्यांना येत नव्हती, म्हणून त्यांची कामं अडली का?" भाऊसाहेब चिडून म्हणाले. "अंगठा चालतो."

त्यांनी शाईची गादी उघडली आणि फितीच्या शेजारी खालून दोराला लावली. मग त्यांनी अर्ज पुढे केला आणि दोराने थोडं खाली यावं म्हणून क्षणभर वाट पाहिली. दोर हलला नाही. शेवटी प्रणोतीनेच कागद दोन्ही हातांवर घेतला, वर नेला आणि दोराला टेकवला. पिळाची निळी रेघ सहाव्या रकान्यात स्वच्छ उमटली. भाऊसाहेबांनी तिच्यावर फुंकर घातली, शिक्का मारला, आणि पुढचा कोण आहे ते विचारलं.