सबनीस काकांचा न संपणारा रोल

सबनीस काका माणसाला आधी उभं करतात, मग नाव विचारतात. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन फाटकात शिरला की हे ओरडतात, "थांब! तिथंच. उजेड बरा आहे." तो बिचारा सिलिंडरसकट ताटकळतो आणि काका गळ्यातला जुना कॅमेरा वर घेतात. त्याच्या भिंगाची नळी एरवी आत ढकललेली असते. ती ओढायची, जरा फिरवून अडकवायची, आणि हे सगळं मोठ्यानं म्हणत: "नळी बाहेर. फिरवली. अडकली." आमचा सुपरवायझर मशीन सुरू करतानाही एवढं बोलत नाही. मग कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून नुसतं बघत राहायचं. शेवटी निकाल: "रिजेक्ट. हनुवटी वर आहे तुझी. जा."

म्हणजे फोटो नाहीच. "रोलमध्ये दोनच फोटो उरलेत. वाया घालवायला मी काय मोबाइलवाला आहे?" मी राहायला आलो तेव्हा दोन उरले होते. दुसरी दिवाळी आली तरी दोनच.

काकांनी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्यात काढली. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ त्यांनी रिजेक्ट करून परत पाठवलं म्हणे. भाजीवालीचे टोमॅटो रिजेक्ट, आमच्या प्राधिकरण भागातले स्पीडब्रेकर रिजेक्ट, माझा चहा तर कपात पडायच्या आधीच. मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला, चाकणला पॅकिंगला. निगडीत एकट्या पोराला कुणी खोली देईना. काकांनी मला वर-खाली बघितलं, म्हणाले, "खांदे पडलेत. पण रीवर्क होईल." आणि बंगल्यामागची खोली दिली. एवढा उपकार अंगावर असल्यावर माणूस काय बोलणार? माझं नाव गणेश. ते "ए हिंगोली" म्हणतात आणि मी ओ देतो.

अशात आईचा फोन आला. परभणीकडची मुलगी सांगून आली होती. "फोटो पाठव. त्या कंपनीच्या कार्डावरचा नको, चोर दिसतोस त्यात."

मी अंगणात मोबाइल वर धरला, तर मागून आवाज, "लग्नाचा फोटो आणि मोबाइलवर? खोली खाली कर!" काका गमतीनं बोलतात की खरं, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि मी पडलो घाबरट. झालं. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी पेरूखालच्या खुर्चीवर. "नळी बाहेर. फिरवली. अडकली." मग खिडकीला डोळा. मग, "रिजेक्ट. डोळ्यांत भीती आहे."

भीती असणारच की! शेजारच्या काकू कंपाउंडवरून विचारायच्या, "काय रे, मुंडावळ्या इथंच बांधायच्या का?"

मग आई फोनवर जवळजवळ रडलीच. "त्यांनी दुसरा मुलगा बघायला घेतलाय. या आठवड्यात फोटो नाही आला तर विषय संपला."

त्या रविवारी मी धीर करून म्हटलं, "काका, आज बटण दाबाच. नाहीतर माझं लग्न मोडतंय."

काकांनी कॅमेरा खाली घेतला.

"या रोलमध्ये हिचे फोटो आहेत," ते म्हणाले. त्यांची बायको मी यायच्या आधीच वारलेली. "दवाखान्यात निघताना काढलेले. याच खुर्चीवर. त्या दिवशी घाई होती. नळी ओढली होती का नाही, आठवत नाही मला. याची बघायची खिडकी वेगळी असते. नळी आत राहिली तरी खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं, फोटो मात्र धूसर येतो. रोल धुतला की मग कळतं."

"मग धुऊन घ्यायचा ना, काका."

"कळेल ना मग, गाढवा."

मी उठायला लागलो. "राहू द्या. मी मोबाइलवरच…"

"बस खाली!" काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "नळी बाहेर. फिरवली. अडकली." परत एकदा चाचपून बघितली. खट्. रोल पुढे सरकवला. खट्.

पुण्यात एक जण अजून रोल धुतो. काका दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं स्वतः गेले आणि पाकीट घेऊनच आले. माझा फोटो असा, की भुवईचा केस न् केस मोजावा. आई म्हणाली, "एवढं तोंड पाडून? तिकडं कुणी गेलं का?" पण परभणीहून निरोप आला, मुलगी बघायला या.

हे सांगायला मी काकांकडे गेलो, तर ते बाकीचे फोटो एकेक करून घराच्या खिडकीशी उजेडाला नेत होते आणि कंपनीतल्या भिंगातून बघत होते. आधी कडा, मग कोपरे, पार्ट तपासतात तसं. नळी आतच राहिलेली होती. कागदभर धुकं, मधोमध एक पांढरट आकार, आणि त्याच्या वर काहीतरी फिसकटलेलं. मी दारातच थांबलो. आता तो शब्द येणार, याची वाट बघत.

"हा हात आहे," काका म्हणाले. "'पुरे करा आता' म्हणत होती."

त्यांनी फोटो शर्टाला पुसला, वरच्या खिशात ठेवला, बटण लावलं.

"पास."