शेळीच्या फॉर्मवर पाळणाघर

लहान मूल ही राष्ट्राची संपत्ती आहे, आणि संपत्ती म्हटली की ती आधी बँकेला दाखवावी लागते. हे ज्यांना कळत नाही त्यांनी उगाच बँकेच्या नावाने बोटं मोडू नयेत.

नांदूरघाटच्या पंचशीलाला हे कळत नव्हतं. दिवाळी झाली की तिच्या गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि पोरंबाळं सोबत नेतात, कारण ठेवणार कुणाकडे? शेजारच्या अंजनाची दोन वर्षांची लेक गेल्या हंगामात फडात पाचटावर झोपली होती, ती ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचली. तेव्हापासून अंजनाने धोशा लावला, तू पाळणाघर काढ, मी पोरगी तुझ्याकडे ठेवते. पंचशीला बालवाडीचा कोर्स केलेली. रात्रीच्या मुक्कामासकट पाळणाघर काढायचं तिने ठरवलं. सरकारची योजनाही होती: तारण नको, जामीनदार नको, कर्ज बुडालं तर सरकार भरेल. (योजना उत्तम आहे. जाहिरातीवरचं बाळ तर फारच गुटगुटीत आहे.)

बँकेच्या तालुक्याच्या शाखेत पाळणाघराचा फॉर्म नव्हता. यात शाखेचा काय दोष? साहेबांनी डोकं लावून शेळीपालनाचा फॉर्म काढून दिला. साहेब माणूस भला. शेळीला खायला लागतं, मुलालाही लागतं. रात्री दोघांनाही आत घ्यावं लागतं. फॉर्म जवळजवळ मापात बसला. ‘दूध देते काय’ येथे पंचशीलाने ‘पिते’ लिहिलं. ‘विक्रीयोग्य वय’ येथे ‘इयत्ता पहिली’. अडलं ते शेवटच्या, विम्याच्या कलमावर: दगावल्यास बिल्ल्यासह कान कापून शाखेत जमा करावा. तिने ते खोडलं. साहेब म्हणाले, खाडाखोड चालत नाही. मग नवा फॉर्म, आणि त्यासाठी पुन्हा तालुक्याला चक्कर.

पुढे पाहणी. पाहणीला मुलं दिसली पाहिजेत, असा नियम निघाला. आता मुलं येणार खोली झाल्यावर आणि खोली होणार कर्ज मिळाल्यावर. पण नियम म्हणजे नियम. गल्लीने आपापली पोरं तासाभरासाठी उसनी दिली. भामाबाईने हौसेने नववीतला नातूही रांगेत उभा केला. (मिशी फुटलेली असल्याने तो नामंजूर झाला.) अंजनाच्या लेकीने साहेबांचं पेन तोंडात घातलं. साहेबांनी शेरा मारला: चरते, तब्येत ठणठणीत.

सगळं जुळलं. मग साहेब म्हणाले, एक पगारदार जामीनदार आणा.

पंचशीलाने योजनेची जाहिरात पुढे केली. ती म्हणाली, “सायेब, जामीन सरकार हाय ना? मंग आनखी मानूस कावून पायजे?”

“बाई,” साहेब समजुतीने म्हणाले, “सरकारच्या दारात वसुलीला कसं जायचं?”

बिनतोड. पंचशीला जामीनदाराच्या शोधात निघाली. नोकरीतले भगवानराव मातृत्वावर तासभर बोलू शकतात, तसे बोलले, आणि सही घरी विचारून करतो म्हणाले. घरून अजून उत्तर आलेलं नाही. चुलत दीर प्रवीण बीडला कारकून आहे. त्याचा फोन सोमवारपासून रेंजमध्ये नाही. हेडमास्तरांनी तिला शाल-श्रीफळ द्यायचं कबूल केलं. कल्पना लई चांगली आहे, यावर गावाचं एकमत आहे. इतकी चांगली, की तिला सहीची काही गरजच नाही. (मी शेतकरी. माझी सही बँकेत चालत नाही, याबद्दल बँकेचे मनापासून आभार.)

परवा पहाटे ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक येतोय. अंजनाने पोरीच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे. पोरगी ट्रकमध्ये चढणार की पंचशीलाकडे राहणार, एवढंच ठरायचंय. जामीनदाराचा रकाना कोरा आहे.

तुम्ही इथवर वाचलंत. चाकाच्या जागी चुकचुकलात, कानाच्या जागी हसलात, साहेबांवर चिडलातही. सज्जन माणूस दिसता. पगारही एक तारखेला होत असणार. हे घ्या पेन, सही इथे करायची.

अहो, बसा की. उठलात कावून?