दोन शब्दांत निरोप

बायकोने फोनवर धाडलेला निरोप दोन शब्दांच्या वर जाता कामा नये, असा कायदा आपल्या कारकुनाने एका सकाळी दात घासता घासता केला. (फेस थुंकायच्या आत तो अमलातही आला. वेळ वाचवायचा तर सुरुवात तोंडापासूनच.)

त्याला कारण होतं. तो विमा कंपनीच्या मृत्यूदावे विभागात होता. विभाग कसला, दोन टेबलं. एक त्याचं, एक नानाचं. माणूस मेला की त्याचे कागद या टेबलांवर येत, आणि माणसाला मरायला लागला असेल त्याहून जास्त वेळ तिथे पडून राहत. आता वरून हुकूम आला होता की दोनांपैकी एकच टेबल राहील. कोणतं ते साहेब ठरवणार. आणि साहेब नेमके छातीच्या दुखण्याने इस्पितळात जाऊन पडले होते.

लग्नाला चार महिने झालेले, खोली भाड्याची, आणि नोकरी अशी टांगलेली. त्यामुळे कारकून वेळेच्या मागे हात धुऊन लागला. कंपनीने एक व्याख्याता बोलावला होता, त्याचं ऐकून त्याने तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. शब्द वाचवायचे. एका जातीची कामं एका फेरीत उरकायची. आणि प्रश्न दिवसभर साठवून रात्री एकदम विचारायचे.

नाना मात्र डबा खाऊन टेबलावर मान टाकायचा तो टाकायचाच.

"एवढा धावतोस कुणाच्या मागे रे?"

"वेळेच्या."

"मागे धावलास तर ती पुढेच राहणार की लेका!"

घरी बायको कमी बोलणारी. पण लिहायला लागली की तिला धरबंध नसे. 'येताना साबण आणाल का, नाही जमलं तर राहू दे, जिन्यातला दिवा लागत नाहीये, सांभाळून या.' कारकुनाने हा निरोप तिच्यासमोर धरून त्याची चिरफाड केली.

"साबण आणा. झालं! दोन शब्द."

"आणि सांभाळून या?"

"ते गृहीत धरायचं."

"बरं," ती म्हणाली. (एकच शब्द. म्हणजे एक शिल्लकच ठेवला.)

रविवारी त्याने सांत्वनाची फेरी काढली. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंची आई आणि घरमालकाचा भाऊ, दोघं थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले होते आणि दोन्ही भेटी अंगावर राहिल्या होत्या. एक जात, एक फेरी, एकच भाषण. 'जाणारा सुटतो, मागच्यांनी सावरायचं असतं. अर्ध्या रात्री हाक मारा.' आरशासमोर उभं राहून त्याने ते बसवलं होतं, 'सुटतो'नंतर एक उसासाही ठेवला होता. फेरी संपली की चेहरा बदलून इस्पितळात जायचं, साहेबांना 'लवकर बरे व्हा' म्हणायचं आणि आपलं टेबल हळूच त्यांच्या ध्यानात आणून द्यायचं, असा बेत होता.

बायको त्याच इस्पितळात डिस्चार्जच्या खिडकीवर कामाला होती. रविवारीही तिची ड्यूटी होती. कारकून घरमालकाच्या भावासाठी उसासा टाकत असतानाच तिचा निरोप आला.

'साहेब गेले.'

त्याने डोळे मिटले. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याची अर्धी जिंदगी मृत्यूदाव्यांत गेली त्याला 'गेले' या शब्दाचा दुसरा अर्थच ठाऊक नसतो. शिवाय विचारायचं तर प्रश्न रात्रीसाठी राखलेले. 'समजलं' एवढं कळवून तो तडक साहेबांच्या घरी निघाला. आता चेहराही बदलायला नको होता! (हा विचार मनात आला त्याची त्याला लाज वाटली. पण चालण्याचा वेग कमी झाला नाही.)

दार बाईसाहेबांनी उघडलं. जागरणाने डोळे लाल, केस कसेबसे बांधलेले.

"अगं बाई, इतक्या लवकर कळलं तुम्हाला?"

"मंडळींनी कळवलं. तिथेच असते ना ती."

"सुटले हो एकदाचे," बाईसाहेब खुर्चीत बसल्या.

"सुटले," कारकून म्हणाला आणि ठरलेला उसासा टाकला. "फार हाल झाले."

"त्या नळ्या, त्या सुया. बघवत नव्हतं. आता कसे शांत पडलेत."

"बघून घेऊ का एकदा?"

"आत्ता नको. आत्ताच अंग पुसून कपडे बदललेत. संध्याकाळी मुलगा येतोय, तोवर राहू दे."

"मुलासाठी थांबायलाच हवं."

"आणि माणूस जड. मला एकटीला उचलायचे नाहीत."

"आम्ही आहोत ना खांदा द्यायला!"

"खांदा कशाला? हात दिलात तरी पुष्कळ झालं."

शोकात माणूस काहीबाही बोलतो हे कारकुनाला अनुभवाने माहीत होतं. त्याने भाषण पहिल्यापासून म्हटलं. वर, हा घरचाच माणूस म्हणून, एक वाक्य पदरचं घातलं.

"आणि दाव्याची काळजी तुम्ही करूच नका. उद्या ऑफिस उघडल्या उघडल्या साहेबांना मी स्वतः निकाली काढतो."

"कोण कुणाला निकाली काढतोय?" आतून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. रोज फायली परत फेकताना तोच ऐकू यायचा. कारकून उठला, परत बसला, मग उगीचच पुन्हा उठला. बाईसाहेब हातातल्या रुमालाकडे बघत राहिल्या. त्यांना आत्ता सगळा उलगडा होत होता.

"आत या," आवाज म्हणाला.

साहेब उशीला टेकून बसले होते. महिन्याभरात अर्धे झाले होते.

"ते 'जाणारा सुटतो' पुन्हा म्हणा. नीट ऐकू आलं नाही."

कारकुनाने म्हटलं. उसासा या खेपेला आपोआप आला.

"आज कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा, साहेब."

"हेच?"

"नाव बदलून."

"पहिले दोघं तरी मेलेत ना?"

"हो साहेब. त्यांची खात्री आहे."

साहेब हसले. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबायला इतका वेळ लागला की बाईसाहेब पाणी घेऊन धावत आल्या. पेला ओठांना लावून त्या निघून गेल्यावर साहेब सावकाश म्हणाले, "घाबरू नका. तुमचं चुकलेलं नाही, तुम्ही फक्त घाई केलीत. डॉक्टरांनी घरी सोडलं ते बरा झालो म्हणून नव्हे. त्यांच्याकडचं सगळं करून संपलं, म्हणून."

यावर कुठल्याच व्याख्यात्याने काही सांगून ठेवलं नव्हतं. कारकून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. खिडकीच्या पडद्याची दोरी वाऱ्याने भिंतीवर आपटत होती.

"टेबलाचं विचारायला येणार होतात ना इस्पितळात?"

"साहेब, मी..."

"टेबल तुमचं. मी मरायच्या आत माझं सुतक उरकणारा माणूस दोघांचं काम सहज एकटा ओढेल. जा आता. मला जरा पडू द्या."

रात्री प्रश्न विचारायची वेळ झाली.

"तू 'गेले' का लिहिलंस?"

"घरी गेले म्हणून. आमच्या खिडकीवर घरी सोडलेल्याला 'गेले' म्हणतात."

"आणि मेलेल्याला?"

"त्यांची खिडकी वेगळी आहे. ते आमच्याकडे येत नाहीत."

"मग 'साहेब घरी गेले' लिहायला काय धाड भरली होती?"

"तीन शब्द होतात," बायको म्हणाली आणि दिवा घालवून कूस बदलली. पाठ हलत होती. ती हसत होती की रडत, हे विचारायची कारकुनाची छाती झाली नाही.

नानाला निरोप देण्यात आला. 'गेलो रे बाबा' म्हणत तो डबा काखेत मारून निघाला, आणि दुपारची झोप आता गादीवर घेऊ लागला. त्याचं टेबल उचललं, त्यावरचे कागद मात्र कारकुनाकडे सरकले. आता तो घरी पोचेपर्यंत ताट झाकून ठेवलेलं असे आणि बायको शेजारी बसून पेंगत असे. निरोपाचं बंधन त्याने स्वतःहून उठवलं होतं. पण आता तिला निरोप पाठवावासाच वाटेना.

थंडी सरता सरता साहेब खरोखरच वारले. या खेपेला कारकुनाने दोघांकडून खात्री करून घेतली. भाषण म्हणायचं नाही, नुसतं बसायचं, जमलं तर बाईसाहेबांचा हात हातात घ्यायचा, असं ठरवून तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला.

बाईसाहेबांनी दार उघडलं. आत माणसं गुपचूप बसली होती. बाईसाहेबांनी त्याला नीट ओळखलं.

"तुम्ही होय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमचं मागेच झालंय की हो. परत कशाला तसदी घेतलीत?" आणि त्यांनी दार हलक्या हाताने लोटून घेतलं.

कारकून जिना उतरू लागला. खालून नाना येत होता, एकेका पायरीवर दम खात, कठड्याला धरून. कारकुनाला उतरताना बघून तो थबकला.

"काय रे, झालं भेटून?"

"झालं."

"इतक्यात?" नाना मनापासून म्हणाला. "मानलं बुवा! कामाच्या उरकात तुझा हात धरणारा कोणी नाही!"