मावळत्या सूर्याला शाबासकी

आमच्या गिरगावच्या चाळीत उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे पुष्कळ होते. मावळत्या सूर्याची पाठ थोपटणारे मात्र एकटे विसूनाना. संध्याकाळ झाली की ते गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे, चौपाटीच्या अंगाला सूर्य बुडेपर्यंत डोळे बारीक करून पाहायचे आणि तो एकदाचा बुडाला की मोठ्यानं म्हणायचे, "शाबास! वेळेवर गेलास!" श्रावणातल्या सोमवारी तर दोन्ही हात जोडून. ढगांत सूर्य दिसत नसला की अंदाजानं शाबासकी.

नवीन बिऱ्हाडकरू घाबरायचे. आम्ही त्यांना सांगायचो, "काही नाही हो, विलायत पाहून आल्यापासून असं होतं त्यांना."

नाना माझे शेजारी. मी शाळामास्तर, ते कोटातल्या एका पारशी शेटजींच्या पेढीवर कारकून. मध्ये एक भिंत, तीही अशी की त्यांच्याकडे फोडणी बसली की शिंक मला यायची. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, माई, दोघंच. शेटजी राहायचे माझगावला, बंगल्यातून बोटी दिसायच्या आणि बोट दिसली की त्यांना राहवायचं नाही. एका वर्षी त्यांनी ठरवलं की विलायतेला जायचं आणि तिथून उत्तरेकडची बंदरं हिंडणाऱ्या एका आगबोटीत बसायचं. पत्रव्यवहाराला बरोबर विसूनाना.

आमच्या चाळीला हे पटतच नव्हतं. "बोटीत माल काय?" "माल नाही." "टपाल?" "तेही नाही." "मग जाते कशाला?" "बघायला." बघायला म्हणून माणसं पैसे देऊन समुद्रात हिंडतात, हे ऐकून खालच्या मजल्यावरचे गोविंदराव पानाचा विडा तोंडात धरून तसेच बसून राहिले होते.

माई दोन दिवस रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पेटीभर लाडू, पोहे, मेतकूट, भाजणी असं सगळं केलं आणि नानांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "विसू, परक्याच्या हातचं शिजलेलं खाणार नाहीस, म्हण." नानांनी शपथ घेतली आणि ऐन उन्हाळ्यात बोटीवर चढले.

कार्तिकात परत आले ते अर्धे गिरगावात आणि अर्धे बोटीवर. कुणी भेटायला आलं की "बसा" नाही, "नांगर टाका!" घोड्याची ट्राम वळणावर कलंडल्यासारखी झाली की बाकीचे देवाचं नाव घ्यायचे. नाना म्हणायचे, "घाबरू नका, बाल्टिकात याहून वाईट होतं." आणि प्रत्येक शहर ते आम्हाला आमच्याच भाषेत समजावून द्यायचे. "कोपनहेगन म्हणजे काय मास्तर, आपलं माझगाव. फक्त धुतलेलं. बर्गनला पाऊस आपल्यासारखाच, पण छपरं गळत नाहीत. आणि तिथली मासळीवाली! तोंडात भाषा वेगळी, पण भाव पाडून मागा, की कमरेवरचा हात थेट आपल्या कोळणीचा."

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा जेवणाचा होता.

समुद्र ओलांडला म्हणजे माणूस बाटला, असा तो काळ. त्याला प्रायश्चित्त होतं, पंचगव्य प्यायचं आणि पंगतीत परत यायचं. आमचे दाजीशास्त्री मनानं मऊ. त्यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "विसू, समुद्राचं मी बघतो. तू चारचौघांत एवढंच म्हण, की बोटीवर अभक्ष्य खाल्लं नाही. संपलं."

"खाल्लं नाही?" नाना कडाडले. "शास्त्रीबुवा, कप्तानाच्या टेबलावर बसून खाल्लं! आधी सार, लालभडक. मग एक मासा, एवढा, की ताट धरायला दोन माणसं. वर लिंबाच्या चकत्या, फुलासारख्या मांडलेल्या!"

शास्त्रीबुवा "शिव शिव" म्हणत जिना उतरले.

आता याला काय म्हणायचं! दर महिन्या-दोन महिन्यांनी शास्त्रीबुवा यायचे, पळवाट घेऊन यायचे आणि दर खेपेला नाना पानात एक पदार्थ वाढवायचे. एकदा हलणारी खीर आली. एकदा पक्षी आला, पायात कागदाच्या झालरी घातलेला. मी डोक्याला हात लावायचो. एकदा चिडून विचारलं, "नाना, एवढं खाल्लंत, तर त्या माशाची चव कशी होती, ते तरी सांगा."

"चव?" नाना क्षणभर घुटमळले. "अरे, चव काय विचारतोस! रंग बघायला हवा होतास!"

या सगळ्यात माईंचे हाल. मुलगा पंगतीतून बाहेर, म्हणजे स्वयंपाकघरातूनही बाहेर. नाना गॅलरीत पाट मांडून बसायचे, माई उंबऱ्याच्या आतून वरून वाढायच्या आणि मग आत जाऊन एकट्या जेवायच्या. सत्तरीची म्हातारी. एकदा माझ्या बायकोजवळ बोलल्या, "मला दुसरं काही नको ग. डोळे मिटायच्या आधी एकदा त्याला चुलीपुढे बसवून गरम वाढता यावं." मी हे नानांच्या कानावर घातलं. मला वाटलं, आता तरी वाकतील. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा आले, तर ह्यांनी पुडिंग काढलं. मी सरळ सांगतो, मला त्या माणसाचा संताप आला होता.

मग पुन्हा श्रावण आला. सोमवार होता. नानांचा उपास, सूर्य मावळल्यावर सुटायचा. शास्त्रीबुवा त्यांच्या शेवटच्या प्रयत्नाला येऊन बसले होते, माई उंबऱ्याच्या आत, मी कठड्याशी. एवढ्यात खाली व्हिक्टोरिया गाडी थांबली आणि जिना करकरवत साक्षात शेटजी वर आले. गॅलरीतच खुर्ची घेऊन टेकले, घाम पुसला आणि माईंना म्हणाले, "माय, मी परत चाललो उत्तरेला. विसूला नेणार. पण ते बरोबर खायला देते ना तुमी, ते या वेळी टिकेल असं द्या हां. गेल्या साली पोरगा उपाशी मेला असता माझा."

शास्त्रीबुवांनी मान वर केली. "उपाशी?"

"मग काय तर! कोणाच्या हातचं काय पण खाल्लं नाय. दूध, फळं आणि ते सुके पोहे. आमी सगळे जेवायला बसलो की हा काचेच्या दरवाज्याबाहेर उभा. बघत. आणि सोमवारी? सोमवारी तर पोहे पण नाय! सकाळपासून डेकवर बसणार, सूर्याकडे बघत, कधी मावळतो आणि कधी खातो. आणि तिकडे साला सूर्य मावळतच नाय! रात्र झाली तरी आपला तिथेच. बोटीवरच्या मडमा मला विचारायच्या, सूर्याची पूजा करणारे पारशी ते हेच काय? अरे, पारशी मी! मला कोण विचारतच नाय!"

शेटजी पोट धरून हसले. दुसरं कोणी हसलं नाही.

नानांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "शेटजी, तुम्ही विसरलात. त्या कप्तानाच्या टेबलावर..."

"विसू," माई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "लाडू कुठवर पुरले रे?"

"पुरले की. चांगले हॅम्बुर्गपर्यंत."

"काय हॅम्बुर्ग!" शेटजी म्हणाले. "एडनच्या पुढे सगळ्यांना बुरशी आली होती. मी म्हटलं, फेकून दे समुद्रात. तर नाय. पेटीला रोज ऊन दाखवायचा."

माईंनी दाराची चौकट धरली. "मग मला सांगितलं का नाहीस? इतके महिने बाहेर जेवलास."

आणि इतके दिवस सगळ्यांना बोलून थकवणारा तो माणूस अडखळत बोलायला लागला. "काय सांगू, आई? खाल्लं नाही म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, मग जगलास कशावर? तेव्हा काय सांगायचं? तू केलेले लाडू नासले म्हणून? तुझ्या शपथेपायी तुझा मुलगा उपाशी राहिला म्हणून? तू पुन्हा घास गिळला असतास का? मला वाटलं, मुलगा बाटला, हे तू सोसशील. उपाशी राहिला, हे तुला सोसणार नाही."

शेटजी रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसले. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं बिचाऱ्यांना.

माई उभ्या राहिल्या, उंबऱ्यातून बाजूला झाल्या. "आत ये."

"माई," शास्त्रीबुवा खाकरले, "अजून पंचगव्य व्हायचंय..."

"ते उद्या द्या. आज त्याचा सोमवार सुटायचाय."

शास्त्रीबुवांनी माईंकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. मग पंचा खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, मला संध्याकाळचं नीट दिसत नाही. जरा जिन्यापर्यंत धरा." मी धरलं. वास्तविक त्यांची नजर घारीसारखी होती.

मी परत वर आलो तेव्हा शेटजी जायला निघाले होते आणि नाना उंबऱ्यापाशी तसेच उभे होते, एक पाय आत, एक बाहेर. आत टाकायचा पाय त्यांनी मागे घेतला, कठड्याशी आले आणि चौपाटीकडे पाहिलं. ढगच ढग होते. तरी त्यांनी हात जोडले. मग डोळे पुसून आत गेले.

मी माझ्या खोलीत येऊन बसलो. भिंतीपलीकडे पाट सरकल्याचं ऐकू आलं, चुलीवर तूप कढल्याचा वास आला. मी वाट पाहत होतो, आता नाना सुरू होतील, बोट, बंदर, कप्तान. पण पलीकडून येत होता तो माईंचाच आवाज. "घे रे. आणखी घे. गरम आहे." नाना नुसते जेवत होते.