सिंकखालचे डॉक्टर

चार वर्षांपूर्वी, म्हणजे मी अवघी अडुसष्ट वर्षांची अल्लड पोर असताना, एक नळ नको तितका घट्ट पिळला आणि स्वतःच्याच स्वयंपाकघराचं तळं केलं.

इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडन गावात, कडाक्याची थंडी पडणार होती. अशा वेळी इथे नळ बारीक सुरू ठेवतात, म्हणजे पाइपात पाणी गोठत नाही. आमच्या ह्यांनी सिंकचा नळ दोऱ्याएवढी धार लावून सोडला. पण मी दुष्काळी जतची. टँकर आला की आमच्याकडे बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. गळता नळ दिसला की माझा हात मला न विचारता पुढे जातो. अमेरिकेत पंचेचाळीस वर्षं काढली, पण या हाताला काही व्हिसा मिळाला नाही. ओटा पुसता पुसता मी नळ बंद केला. सकाळी सिंकखालचा पाइप तडकलेला आणि माझ्या सपाता पोहताहेत!

हे भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं पेशंटच्या उशाशी बसून दुसऱ्यांची कापाकापी पाहिली. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू त्यांची पेशंट. टोस्टर उघडण्याआधीसुद्धा विचारतात, "सकाळपासून उपाशी आहे ना?" 

तर घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून ह्यांनी काय करावं? भिंतीला स्टेथोस्कोप लावला.

"अहो, आधी पाणी बंद करा!"

"आधी डायग्नोसिस. घाबरू नकोस, पेशंट स्टेबल आहे."

शेवटी मेन व्हॉल्व्ह मीच बंद केला. गावातले प्लंबर आठवडाभर बुक होते. ह्यांना आनंदच झाला. "सर्जन लोकांची घाई मी जन्मभर पाहिलीय," म्हणाले, ऑपरेशनची जुनी टोपी चढवली आणि सिंकखाली शिरले. बाहेर नुसते दोन पाय. मी नर्स.

"कटर."

दिला.

"घाम पूस."

बाहेर उणे बारा, ह्यांना घाम!

पहिला जोड लहान निघाला, दुसरा मोठा. दुकानाच्या खेपा चालल्या होत्या आणि मी अंगणातला बर्फ वितळवून भांडी घासत होते. तेवढ्यात सांता क्लाराहून मुग्धाचा, आमच्या लेकीचा, व्हिडिओ कॉल आला. पाइप तडकल्याचं तिला सकाळीच कळवलं होतं.

"आई, बाबा नळ चालू ठेवायला विसरले ना? गेल्या महिन्यात गॅसवर चहा विसरले होते. इनफ यार! घर विका आणि इकडे या."

आता हे उसळणार, म्हणून मी सिंककडे पाहिलं. आतून आवाज आला, "विसरलो असेन."

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण 'तुम्ही विसरभोळे' म्हणून ज्यांना जन्मभर टोचलं, त्यांच्यापुढे कबुली कशी द्यायची? पुन्हा भांडी घासू लागले. भित्री कुठली!

दुसऱ्या दिवसापासून हे विनोद करेनात. फ्रिजवर एक चिठ्ठी दिसली, त्यांच्याच अक्षरात: 'गॅस बघ.' दारावर: 'किल्ली खिशात आहे का?' गोळ्यांच्या डबीवर: 'आज मंगळवार.' ती वाचून मात्र मी हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जोड बसला. मेन उघडला, नळाला खळखळून पाणी आलं. मी टाळ्या वाजवल्या. हे फरशीवर बसून जोडाला कोरडा कागद लावून बघत राहिले. एक थेंब नाही. तरी चेहरा पडलेला.

"मुग्धा म्हणते ते बरोबर आहे," हळूच म्हणाले. "थंडी सरली की घर विकायला काढू. आज नळ विसरलो, उद्या गॅस. तू झोपलेली असलीस तर?"

माझ्याच्याने राहवेना.

"अहो, तुम्ही नळ चालूच ठेवला होता. मी बंद केला."

डोळे गच्च मिटून घेतले. ओरडणार, नक्की ओरडणार. काहीच ऐकू येईना, म्हणून एक डोळा उघडला. हे टोपीने डोळे पुसत हसत होते.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो! अगं, लाव फोन मुग्धाला. हवा तर आणखी एक पाइप फोड, पण हेच वाक्य तिच्यासमोर एकदा परत म्हण!"