हसायला जागा

सोपाननाना विनोद सांगतात आणि गप्प बसतात. जरासे नव्हे, चांगले गप्प बसतात. सगळी उमर तमाशात सोंगाड्या म्हणून गेली, त्यामुळं लोकांचं हसून झाल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. फडात ठीक होतं हो! पण आता नाना आमच्या वेल्ह्याच्या छोट्या रेडिओ केंद्रावर रोज संध्याकाळची गंमत सांगतात. रेडिओवर कुणी गप्प बसलं की लोक आधी रेडिओला थापट्या मारतात आणि मग मला फोन करतात, कारण मशीन माझ्या हाताखाली!

"लाईट गेली का रं तिकडं?" विंझरचा एक दुकानदार नेमानं विचारतो.

नाना सकाळच्या एसटीनं गुंजवण्याहून येतात. डोक्याला कडक फेटा. रेडिओवर फेटा कोण बघणार?

"अरं, फेट्याबिगर जीब हलत न्हाई माजी."

माईकपुढंही भुवया उडवणार, पोट हलवणार. एकदा पडून दाखवलं, खुर्चीसकट. ऐकणाऱ्यांना नुसतं धाडकन वाजलं. खालूनच म्हणाले, "हसा निवांत. म्या हाय हितंच." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. प्रत्येक विनोदामागं ते, आणि त्यामागं शांतता.

यंदा दिवाळीनंतर ही शांतता फारच लांबायला लागली. केंद्र चालवणाऱ्या बाई वैतागल्या. म्हणाल्या, "या मोकळ्या जागा कापा, नाहीतर कार्यक्रम बंद करावा लागेल." कापणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण नानांच्या कानावर घातलं, तर म्हातारा असा बिथरला!

"कापायचं न्हाई. त्यापरीस मलाच काढा."

"मग तिथं हसण्याचे आवाज भरू? तयार मिळतात."

"उसनं हसू? हॅट्!"

हट्टी माणूस! समजूत काढायला त्याच संध्याकाळी मोटारसायकल काढून गुंजवणं गाठलं. नाना घराबाहेर ओट्यावर बसलेले. आत रेडिओवर त्यांचाच सकाळी भरून ठेवलेला कार्यक्रम लागलेला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हसा निवांत. म्या हाय हितंच," आतला रेडिओ बोलला.

आणि घरात काकी, म्हणजे नानांच्या मंडळी, हसायला लागल्या. आधी खुसखुस, मग अगदी मोकळं. हसता हसता खोकला आला, मग धाप लागली. नाना मान खाली घालून ऐकत होते. धाप बसली आणि रेडिओतल्या नानांनी पुढचं वाक्य टाकलं.

"फडात कदी आली न्हाई ती," नाना हळूच म्हणाले. "घरच्या बाईनं तमाशा बगायचा नसतो ना. अन् आमीबी येऊ दिलं न्हाई. मुलूखभर लोकांस्नी हसवलं, ही तेवढी ऱ्हायली. आता दम्यानं हातरुणाला खिळलीय."

"मग आत बसा की, नाना."

"माज्याम्होरं लाजती. हसू दाबलं की लई तरास हुतो तिला."

"पण ती शांतता फार लांबलीय हो."

"तिची धाप लांबलीय रं. पयल्यावानी लगीच सावरत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. समजूत काढायची तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या."

परवा संध्याकाळी रेडिओवर नानांचा विनोद झाला आणि लगेच विंझरहून फोन.

"लाईट गेली का रं?"

"नाही," मी म्हटलं, "काकी हसतायत. थांब जरा."