बेअरिंग गेलंय!

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" फोरमन चहाच्या टेबलावर म्हणाले, आणि फोरमनीणबाईंच्या हातातली किटली हातातच राहिली.

हे वाक्य त्या घराने नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. रोजचं वाक्य वेगळंच होतं. "जरा मोठ्याने बोल, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" हे रोजचं. त्यापायी बोलून बोलून बाईंचा आवाज असा झाला होता की त्यांनी आपल्या घरात "दार लावा" म्हटलं की समोरच्या घरातली माणसं उठून दार लावायची.

खरी गोष्ट अशी होती की फोरमनांच्या डाव्या कानात यंत्र होतं. कानामागे एक चपटा तुकडा आणि तिथून कानात उतरलेली केसासारखी नळी. आदल्या दिवशी "केस कापून येतो" असं सांगून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले, यंत्र बसवून घेतलं, आणि होते तेवढेच केस डोक्यावर घेऊन परत आले. कानावर थोडी झुलपं शिल्लक होती, ती यंत्रावर ओढून घेतली. यंत्र चालू केलं ते मात्र आज सकाळीच. न्हावी ह्यांचे केस कापायला गेला की काय कापू म्हणून विचारत बसतो, हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्याही काही बोलल्या नाहीत.

लपवायलाही कारण होतं. कारखान्यात चाळीस वर्षं फोरमनांनी नाव काढलं ते कानावर. मशीन बिघडलं की ते लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक मशीनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग सांगायचे, "बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर गेलेलंच असायचं. पण त्याच मशिनांनी हळूहळू त्यांचा कान खाल्ला, आणि हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. रिटायर झाल्यावर नऊ वर्षं कारखान्यातल्या कुणी साधं "कसे आहात" म्हणून विचारलं नव्हतं. आणि आता मुलाबरोबर साहेबांचा निरोप आला होता. मोठं मशीन गुरगुरतंय, नव्या इंजिनियरांचा कॉम्प्युटर म्हणतो सगळं ठीक आहे, तेव्हा तुमच्या बाबांचा कान हवाय. गुरुवारी चार वाजता गाडी पाठवतो.

तो गुरुवार आजच होता. मुलगा त्याच कारखान्यात स्टोअरला होता आणि बाबांना घेऊन जायचं म्हणून आज घरी थांबला होता. मुलगा भला, पण त्याला खोटं बोलता येत नसे. साहेबांनी "कान अजून तसाच आहे ना?" विचारलं असतं, तर जे असेल ते सांगून मोकळा झाला असता. मग गाडी दारातून रिकामीच परत गेली असती, आणि फोरमन पुढची नऊ वर्षं खिडकीत बसले असते.

तर चहाचे दोन घोट झाले आणि फोरमनांनी कप खाली ठेवला.

"हा आवाज कसला?"

"कसला?" बाई म्हणाल्या.

"घूंऽऽ. सारखा चाललाय. थांबतच नाही."

सगळ्यांनी कान टवकारले. बाईंना काही ऐकू आलं नाही. म्हणजे रोज जे यायचं तेच आलं. सून सासऱ्यांना कधी नाही म्हणत नसे, ती म्हणाली, "येतोय खरा, बाबा. बारीकसा." मुलाने मान वाकडी करून मनापासून ऐकलं आणि तोही म्हणाला, "हो, काहीतरी आहे." चार माणसं श्वास रोखून बसली तर कुठल्याही घरात काहीतरी असतंच.

"बेअरिंग गेलंय," फोरमनांनी निकाल दिला.

"घराला कुठे बेअरिंग असतं?"

"आवाज बेअरिंगचा आहे. मला नको शिकवूस."

"मग कुणाचं गेलंय ते आरशात बघून या."

हे नेमकं ऐकू आलं. फोरमन चरकले, पण आरशात बघायला गेलेच. बाथरूमची कडी लावून त्यांनी यंत्र काढलं. घूं बंद. यंत्र घातलं. घूं सुरू. म्हणजे यंत्रच बिघडलेलं? पण यंत्र काढल्यावर समोरचा नळही वाजेनासा झाला होता, आणि दाराबाहेर बाई काहीतरी बोलत होत्या, त्याही बंद झाल्या होत्या. जी तपासणी चालू बायको बंद करून दाखवते, तिच्यावर माणसाने विश्वास तरी कसा ठेवायचा?

शिवाय आता प्रश्न इभ्रतीचा होता. घरातली एक घूं सापडली नाही, तर चार वाजता कारखान्यात जाऊन काय दिवे लावणार? फोरमनांनी माळ्यावरून स्क्रू ड्रायव्हर काढला.

अडचण अशी, की त्या यंत्रातून सगळे आवाज एकाच जागेवरून यायचे. चमचा पडला काय आणि रस्त्यावरून ट्रक गेला काय, दोन्ही आपल्या डोक्याच्या आतच. म्हणून फोरमनांनी एकेक वस्तू धरून तपासायचं ठरवलं. पहिलं कपाट. टोक कपाटाला, मूठ कानाला. आणि मूठ कानाशी जाताच बारीक शिट्टी वाजली. कुंईईई! कानातल्या यंत्राचं तोंड दाबलं गेलं की ते असं किंचाळतं, पण हे फोरमनांना दुकानदाराने सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, तेव्हा यंत्र अजून कानात बसायचं होतं.

"बाबा!" सून ओरडली. "कपाट शिट्टी मारतंय!"

मग दाराची चौकट. कुंईईई! खिडकी. कुंईईई! जेवणाचं टेबल. कुंईईई!

"टेबलाचंही गेलं का बेअरिंग?" बाईंनी विचारलं.

"आवाज पसरलाय," फोरमन म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मूळ दुसरीकडे आहे. भिंतीत."

बाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. शाळेची पायरी त्या फारशी चढल्या नव्हत्या, पण शिट्टी वस्तूंना नाही, फोरमनांना आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं. का आहे, ते मात्र अजून कळत नव्हतं.

फिरत फिरत फोरमन स्वयंपाकघरात पोचले. तिथे घूं चांगलीच जोरात होती. त्यांनी एक हात फ्रिजवर टेकवला, डोकं फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या सांदीत घातलं आणि स्क्रू ड्रायव्हर भिंतीला लावला. सांदीत कान असा काही दाबला गेला की शिट्टीने शेजारचं कुत्रं उठून बसलं.

"सापडलं!" आतून फोरमनांचा आवाज आला. "इथून पाण्याचा पाइप जातो. पाइपात हवा अडकलीय. त्याचीच घूं आणि त्याचीच शिट्टी. प्लंबरला बोलवा."

"चार वाजता गाडी येणार आहे," बाई म्हणाल्या.

"तोवर दहा पाइप बदलून होतील."

प्लंबर आला. फोरमनांनी त्याला भिंतीशी उभं केलं. "येतोय आवाज?"

प्लंबरने भिंतीला कान लावला. त्याला काय यायचं ते आलं असेल. पण एवढे मोठे फोरमन विचारतायत, समोर घरातली तीन माणसं उभी आहेत, तिथे "नाही" कसं म्हणायचं? "हवा आहे साहेब," तो म्हणाला. "भरपूर हवा आहे. किती वर्षांची साठलीय कोण जाणे."

"बघा!" फोरमन बायकोकडे वळले.

"बघतेय," बाई म्हणाल्या. "एकाचे दोन झाले."

छिन्नी बसली, हातोडा पडला, बाईंनी स्वतः पसंत केलेल्या तीन टाइल्स खाली आल्या. पाइप दिसला. प्लंबरने हवा निघावी म्हणून जोड थोडासा सैल केला. जोड जुना होता, तो थोडासा सैल व्हायच्या ऐवजी हातातच आला. पाण्याची जाड धार सरळ फोरमनांच्या तोंडावर.

इथे बाईंनी एक गोष्ट पाहिली. तोंडावर पाणी आलं की माणूस डोळे मिटतो, हात आडवा धरतो. ह्यांनी डोळे उघडेच ठेवले आणि दोन्ही हातांनी डावा कान झाकला. ओली झुलपं बाजूला झाली आणि बोटांच्या फटीतून बाईंना तो चपटा तुकडा दिसला.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या घरात ही घूंपेक्षा मोठी बातमी होती, पण गडबडीत कुणाला कळली नाही.

"कॉक! मेन कॉक बंद करा!" प्लंबर ओरडत होता.

"कुठाय कॉक?" मुलगा.

"घर तुमचं, मला काय ठाऊक!"

"बाबा, वर लाइटचा बोर्ड आहे! शॉक लागेल! आधी मेन स्विच बंद करा!" सून ओट्यावर चढून किंचाळली.

मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग कॉकही सापडला. पाणी थांबलं. तीन भिजलेली माणसं आणि बाई, अशी चार जणं घोटाभर पाण्यात उभी राहिली, आणि सून ओट्यावर.

फोरमनांनी एक बोट वर केलं.

"थांबला," ते हळूच म्हणाले. "घूं थांबली."

"थांबणारच," प्लंबर म्हणाला. "हवा गेली ना."

पाणी उपसलं. जोड बसवला. प्लंबर आपल्याच कामावर खूश होऊन निघून गेला. साडेतीनला सगळं जरा कोरडं झाल्यावर मुलाने मेन स्विच वर केला. दिवा लागला, पंखा फिरला, आणि कोपऱ्यातला फ्रिज एकदा थरथरला. घूंऽऽ.

फोरमन वळले. फ्रिजजवळ गेले. त्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"अरे, हा फ्रिज!" त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांची फोरमनकी परत आली. "फ्रिजचा आवाज आहे हा!"

मुलगा हसला. "बाबा, फ्रिज तर आणला तेव्हापासून असाच वाजतो. सात वर्षं झाली."

बोलून गेला आणि त्याच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. खरं बोलणाऱ्या माणसाचं डोकं सावकाश चालतं, पण पोचतं. सात वर्षं वाजतोय, आणि बाबांना आज ऐकू आला? फोरमनांचा चेहरा उतरला. हात फ्रिजवरच राहिला. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, वेळेच्या आधी वीस मिनिटं.

"काहीतरीच काय बोलतोस!" बाई कडाडल्या. "सात वर्षं कुठली? आजच लागलाय घरघरायला. मी सकाळीच ऐकलं."

"पण आई, सकाळी तू म्हणालीस, कसला आवाज म्हणून—"

"तुझ्या बाबांना मी आजवर तोंडावर कधी हो म्हटलंय? एकदा तरी? आठव."

मुलाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. आठवेना. आईचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्यापुढे त्याचं काही चालत नसे.

"मलाही वाटलंच, आज जरा जास्त वाजतोय," सून ओट्यावरूनच म्हणाली.

फोरमनांनी बायकोकडे पाहिलं. बाई फडकं पिळत होत्या. "शर्ट बदलून येतो," एवढंच ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

सहा वाजता बापलेक परत आले तेव्हा मुलगाच जास्त फुगला होता. टेबलाशी बसून त्याने सगळं सांगितलं. बाबा आत गेले, मशीनपुढे उभे राहिले, म्हणाले, सगळं बंद करा. पंखे, पट्टे, शेजारची मशिनं, सगळं. मग एकेक चालू करायला लावलं. पाचवं चालू केलं आणि गुरगुर आली. मोठं मशीन मुळात ठणठणीत होतं, बिघाड शेजारच्या पंपात होता! इंजिनियर नुसते बघत राहिले. साहेब म्हणाले, ह्याला म्हणतात अनुभव. आता दर गुरुवारी गाडी येणार.

फोरमन खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. मधेच "त्यात काय विशेष" म्हणत होते, म्हणजे मुलाने आणखी सांगावं.

बाई पाठ करून फोडलेल्या भिंतीखालचा चिखल पुसत होत्या. आणि नेहमीच्या सवयीने, नेहमीच्या आवाजात त्यांचं चालू होतं, "अनुभव म्हणे! सून शॉकच्या भीतीने किंचाळली म्हणून मेन बंद झाला, ती ह्यांची पद्धत. जगाची मशिनं नीट करतील, आणि इथे माझ्या भिंतीला भोक पाडून ठेवलंय ते कोण बुजवणार? म्हातारा नुसता टरारून फुगलाय. टाचणी लावायला हवी."

"काय म्हणालीस?" फोरमन ताडकन उठून बसले.

बाईंचा हात थांबला. सवयीपुढे शहाणपण मागे पडतं ते असं. पण थांबला तो क्षणभरच.

"रोजचंच," त्या म्हणाल्या.

"रोजचं? हे असलं तू रोज बोलतेस?"

"नऊ वर्षं बोलतेय. इथेच उभी राहून, ह्याच आवाजात." बाईंनी फडकं बादलीत पिळलं. "तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पटतंय."

फोरमनांनी बोलायला तोंड उघडलं. समोर मुलगा बसला होता. त्याच्या कपाळावर पुन्हा बारीकशी आठी येऊ घातली होती. फोरमनांनी तोंड मिटलं.

"पटतंय ना?" बाईंनी विचारलं.

"पटतंय," फोरमन म्हणाले.

"मग ही बादली बाहेर ओतून या," बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि फोरमन उठले.